कॅमेऱ्यास कार्ड वाचता येत नाही तेव्हा



शाळेतील समारंभ, सहली, वृक्षारोपण, परिसर अभ्यासाचे उपक्रम ह्या सर्वांची नोंद आज छायाचित्रांच्या रूपाने ठेवली जाते. बहुतेक ठिकाणी हे काम मोबाइलवर भागते. तथापि अनेक शाळांच्या डेडस्टॉक रजिस्टरात एखादा डिजिटल कॅमेरा अजून आहे आणि तो उपयोगातही आहे. कॅमेऱ्यात, आणि काही मोबाइलमध्येही, चित्रे साठतात ती नखाएवढ्या किंवा टपाल-तिकिटाएवढ्या मेमरी कार्डावर. एखाद्या दिवशी कॅमेरा सुरू करावा आणि पडद्यावर ‘कार्ड वाचता येत नाही’ अशी सूचना यावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. अशा वेळी काय करावे आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. प्रथम माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

एक अनुभव

२०१६ सालची गोष्ट आहे. माझ्या बीटमधील एका शाळेत चौथीच्या वर्गाने परिसर अभ्यासासाठी गावातील वीरगळांची पाहणी केली होती. गावच्या देवळाभोवती नऊ वीरगळ होते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्यांची नेहमीची रचना. मुलांनी दगड धुतले, मोजले, प्रत्येकाचे टिपण केले. गुरुजींनी देवळाच्या दारापासून आरंभ करून एकेका दगडाची, सर्व मिळून अठ्ठावन्न चित्रे घेतली. पुढे दोन महिन्यांत देवळाचा जीर्णोद्धार निघाला आणि दाराजवळचे दोन वीरगळ नव्या ओट्याखाली कायमचे गेले.

त्यानंतर मी शाळाभेटीस गेलो असता ही चित्रे पाहावयास मागितली. गुरुजींनी कॅमेरा सुरू केला, तो कार्ड वाचीना. पडद्यावर कार्ड फॉरमॅट करण्याची सूचना आली. गुरुजी म्हणाले, “साहेब, वीरगळांची चित्रे ह्यातच आहेत. दुसरीकडे कुठे उतरवून घेतलेली नाहीत.” मी म्हणालो, “गुरुजी, ती आता गेलीच समजा. निदान कार्ड तरी उपयोगी पडू द्या.” असे म्हणून मी स्वतःच्या हाताने फॉरमॅटचे बटण दाबले. कार्ड लगेच सुरू झाले. ते नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी वर्गाची दहा चित्रेही मीच काढली आणि शेरेबुकात ‘कॅमेरा दुरुस्त करून दिला’ असे समाधानाने लिहिले.

पुढच्या आठवड्यात केंद्रातील एका तरुण शिक्षकाने ते कार्ड मागून घेतले व संगणकाच्या साहाय्याने त्यातून अठ्ठावन्नपैकी सत्तेचाळीस चित्रे परत मिळविली. अकरा मिळाली नाहीत. ती आरंभीची अकरा चित्रे होती. म्हणजे दाराजवळच्या, आता ओट्याखाली गेलेल्या दोन वीरगळांची. मूळ बिघाडाने ती नष्ट झाली नव्हती. मी वर्गाची जी दहा चित्रे काढली, त्यांच्याखाली ती दडपली गेली होती.

गुरुजींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु हे असे का झाले, हे समजून घेतल्यावाचून मला चैन पडेना. जे समजले ते खाली मांडले आहे.

कार्डात चित्रे कशी राहतात

कार्डाची तुलना आपल्या वर्गाशी करता येते. वर्गात मुले आपापल्या जागी बसलेली असतात आणि शिक्षकांच्या हाती हजेरीपट असतो. कार्डातही तसेच आहे. त्याची जागा लहानलहान समान भागांत विभागलेली असते. प्रत्येक चित्र असे अनेक भाग व्यापते. कोणत्या नावाचे चित्र कोणत्या भागापासून आरंभ होते आणि पुढे कोणकोणत्या भागांत आहे, ह्याची नोंद कार्डाच्या एका ठरावीक ठिकाणी असते. तो कार्डाचा हजेरीपट होय. कॅमेरा चित्र दाखविताना प्रथम हा हजेरीपट वाचतो.

चित्राची नोंद होत असतानाच बॅटरी संपली, कार्डाचे झाकण उघडले गेले, किंवा संगणकातून कार्ड एकदम उपसून काढले, तर ही नोंद अर्धवट राहते किंवा बिघडते. मग कॅमेरा म्हणतो, ‘कार्ड वाचता येत नाही.’ परंतु हजेरीपट हरवला म्हणून मुले हरवत नाहीत. चित्रे बहुधा आपापल्या जागी सुरक्षित असतात.

आता फॉरमॅट म्हणजे काय? कॅमेऱ्यातील साधे फॉरमॅट म्हणजे कोरा हजेरीपट घालणे. मुले अजूनही वर्गातच असतात, पण पटावर एकाचेही नाव नाही. म्हणून सर्व बाके रिकामी आहेत असे कॅमेरा समजतो. त्यानंतर नवे चित्र काढले की, रिकामी समजलेल्या पहिल्याच बाकावर तो नव्या मुलास बसवितो आणि तेथे बसलेला जुना मुलगा खरोखरच नाहीसा होतो. खरी हानी बहुतेक वेळा येथे होते. माझ्या दहा चित्रांनी अकरा चित्रांचा बळी घेतला तो असा: दहा पूर्णपणे झाकली गेली आणि अकराव्याचा आरंभीचा भाग गेला. चित्राची ओळख पटविणाऱ्या खुणा आरंभीच असतात. म्हणून उरलेला भाग शिल्लक असूनही निरुपयोगी ठरला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सर्वच फॉरमॅट सारखे नसतात. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ अशी निवड असते आणि संगणकातही ‘क्विक’ ही खूण काढून पूर्ण फॉरमॅट करता येते. अशा फॉरमॅटनंतर चित्रे परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. म्हणून फॉरमॅट केले तरी चित्रे मिळतात, असा निष्कर्ष ह्या पाठातून कोणी काढू नये.

दोष शोधण्याचा क्रम

दोष शोधताना आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवितो तोच नियम पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा.

१. प्रथम थांबावे. फॉरमॅटचे बटण दाबू नये. त्या कार्डावर नवे चित्र काढू नये. पडद्यावरील सूचना जशीच्या तशी वहीत लिहून घ्यावी. ‘कार्ड नाही’, ‘कार्ड लॉक आहे’, ‘चित्रे नाहीत’ आणि ‘कार्ड वाचता येत नाही’ ह्या चार सूचनांचे अर्थ वेगवेगळे आहेत.

२. कॅमेरा बंद करावा आणि पूर्ण भारित केलेली बॅटरी घालावी. नोंद चालू असल्याचा दिवा विझलेला आहे ना, हे पाहून मगच कार्ड बाहेर काढावे.

३. कार्डाच्या मागील बाजूस सोनेरी पट्ट्या असतात. साध्या एसडी कार्डावर त्या नऊ असतात. त्यांवर धूळ, बोटांचा तेलकटपणा किंवा आपल्या शाळांत हमखास आढळणारी खडूची भुकटी बसली की संपर्क नीट होत नाही. मऊ, कोरड्या, स्वच्छ कापडाने पट्ट्या हलकेच पुसाव्यात. खोडरबराने घासू नये. रबराचा चुरा खाचेत जातो. खाचेत तोंडाने फुंकर घालू नये. थुंकीचा ओलावा आत जातो. टाचणी किंवा काडी तर मुळीच घालू नये. त्यानंतर कार्ड योग्य बाजूने, ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत बसवावे.

४. ‘लॉक’ अशी सूचना असेल तर कार्डाच्या कडेची लहानशी सरकपट्टी पाहावी. ती खाली सरकलेली असली म्हणजे कॅमेरा कार्डावर नवी नोंद करीत नाही. कार्ड खाचेत घालताना ही पट्टी नकळत सरकते. ती वर सरकविताच अडचण दूर होते.

५. मोबाइलचे लहान, म्हणजे मायक्रोएसडी, कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरले असेल, तर दोष पुष्कळदा अडॅप्टरचा असतो. दुसरा अडॅप्टर घेऊन पाहावे. काही मोबाइलमध्ये कार्ड ‘अंतर्गत साठवण’ म्हणून वापरण्याची सोय आहे. तसे केलेले कार्ड त्या मोबाइलखेरीज अन्यत्र वाचता येत नाही, कारण त्यातील मजकूर सांकेतिक रूपात असतो. अशा कार्डात काहीच दोष नसतो. ते त्याच मोबाइलमध्ये परत घालावे.

६. कार्ड आणि कॅमेरा ह्यांचा मेळ आहे का, हे पाहावे. एसडी कार्ड १९९९ साली मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा ह्या कंपन्यांनी पुढे आणले. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ गिगाबाइट. २००६ साली आलेल्या एसडीएचसीची ३२ गिगाबाइट. २००९ साली आलेल्या एसडीएक्ससीची २ टेराबाइट. नव्या कॅमेऱ्यास जुने कार्ड चालते. जुन्या कॅमेऱ्यास नवे कार्ड चालत नाही. एसडीएक्ससी कार्डाचा हजेरीपट एक्सफॅट नावाच्या निराळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. तो जुन्या कॅमेऱ्यास वाचता येत नाही. मग तो कॅमेरा कार्ड सदोष आहे असे सांगतो किंवा फॉरमॅटची मागणी करतो. तेव्हा कार्डावर छापलेली अक्षरे आणि आकडा वाचावा, आणि कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या माहितीपुस्तिकेत कोणत्या कार्डाचा उल्लेख आहे ते पाहावे.

७. दुसरे, चालू असल्याची खात्री असलेले कार्ड कॅमेऱ्यात घालावे. ते चालले तर दोष पहिल्या कार्डात किंवा त्यातील नोंदीत आहे. ते कार्डही चालले नाही, तर दोष कॅमेऱ्यात असण्याचा संभव अधिक. कॅमेऱ्याच्या खाचेतील एखादी बारीक पिन वाकली असेल तर ती स्वतः सरळ करण्याचा प्रयत्न न करता दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी.

८. पहिले कार्ड कार्डरीडरच्या साहाय्याने संगणकास जोडावे. रीडर जुना असल्यास नवी कार्डे त्यालाही वाचता येत नाहीत, हे ध्यानात असावे. ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसला तर इतर काही न करता तो सगळा संगणकात उतरवून घ्यावा. चाचण्या आणि दुरुस्ती त्यानंतर.

९. ‘चित्रे नाहीत’ एवढीच सूचना असेल आणि संगणकावर चित्रे दिसत असतील, तर आपणच संगणकावर त्यांची नावे बदलली होती का, हे आठवावे. कॅमेऱ्यातील चित्रांच्या नावांना ठरावीक नियम असतो: आधी चार अक्षरे किंवा खुणा, मग चार अंक. ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ असे नाव दिलेले चित्र कॅमेरा दाखवीत नाही. पण ते हरवलेले नसते.

१०. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशा अर्थाचा प्रश्न संगणकही विचारतो. त्याची भाषा आज्ञेसारखी असली तरी तो प्रश्नच आहे. ‘रद्द करा’ हे त्याचे उत्तर होय.

हरवलेली चित्रे परत मिळविणे

नोंदी बिघडल्या आहेत असे ठरल्यास चित्रे शोधण्यासाठी संगणकावर विशेष प्रणाली मिळतात. फोटोरेक ही त्यांपैकी एक; ती विनामूल्य आहे. तिचे काम हजेरीपटावाचून मुले ओळखणाऱ्या शिक्षकासारखे आहे. कार्डाचा भाग अन् भाग ती तपासते आणि चित्राच्या आरंभीची खूण कोठे आढळते ते पाहते. आपण नेहमी वापरतो त्या जेपेग प्रकारच्या प्रत्येक चित्राचा आरंभ एकाच ठरावीक खुणेने होतो. खूण सापडली की तेथून पुढचे चित्र ती उतरवून घेते. मुलांचे चेहरे मिळतात, नावे मात्र मिळत नाहीत. त्यामुळे परत आलेल्या चित्रांना नवीच नावे असतात आणि ती पुन्हा लावून घ्यावी लागतात.

हे काम करताना तीन नियम पाळावेत. पहिला: कार्डाची लॉकपट्टी खाली सरकवून ठेवावी, म्हणजे चुकूनही नवी नोंद होणार नाही. दुसरा: मिळालेली चित्रे त्याच कार्डावर न ठेवता संगणकात किंवा पेनड्राइव्हवर ठेवावीत, अन्यथा वाचविलेल्या चित्रांनीच न वाचविलेली चित्रे झाकली जातील. तिसरा: कार्ड वाचता वाचता मधेच बंद पडत असेल, तर वारंवार प्रयत्न करून त्यास आणखी शिणवू नये, जाणकार व्यक्तीकडून प्रथम संपूर्ण कार्डाची एक प्रतिकृती संगणकात करून घ्यावी आणि शोध त्या प्रतिकृतीत घ्यावा.

कोणत्याच रीडरमध्ये व कोणत्याच संगणकावर कार्डाचे अस्तित्वच दिसत नसेल, तर आतील विद्युत्‌मंडल बिघडलेले असते. तेथे आपला उपाय चालत नाही. असे काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, परंतु त्यांचा खर्च बराच असतो. चित्रांचे मोल पाहून निर्णय घ्यावा; तोपर्यंत कार्ड पाकिटात घालून, वर तारीख व मजकूर लिहून कपाटात ठेवावे. ते फेकून देऊ नये.

बाजारात खोटी क्षमता छापलेली कार्डेही मिळतात. वर ६४ गिगाबाइट छापलेले असते, आत जागा त्याहून पुष्कळ कमी असते. असे कार्ड खरी जागा भरेपर्यंत नीट चालते. पुढची चित्रे नोंदली गेल्यासारखी दिसतात, पण उघडत नाहीत. म्हणून अतिस्वस्त कार्डाचा मोह टाळावा आणि पावती घेऊनच खरेदी करावी.

वर्गात हा पाठ कसा द्यावा

वरच्या इयत्तांना हा विषय खेळाच्या रूपाने समजावून देता येतो. जमिनीवर खडूने वीस चौकोन आखून त्यांत मुले बसवावीत. एका मुलाने फळ्यावर कोण कोठे बसले आहे ह्याची यादी लिहावी. मग यादी पुसावी आणि विचारावे, ‘मुले गेली का?’ उत्तर मुले स्वतःच देतील. नंतर बाहेरून तीन नवी मुले बोलावून त्यांना पहिल्या तीन चौकोनांत बसवावे आणि तेथील मुलांना बाहेर उभे करावे. आता पुन्हा विचारावे, ‘कोण गेले? केव्हा गेले?’ यादी पुसली तेव्हा नव्हे, नवे आले तेव्हा, हे त्यांच्या ध्यानात येईल. एवढे समजलेला मुलगा घरी वडिलांच्या मोबाइलबाबतही योग्य सल्ला देऊ शकेल.

पुढे दक्षता कशी घ्यावी

चित्रे काढली त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, ती दोन ठिकाणी उतरवून घ्यावीत. एक प्रत शाळेत आणि दुसरी शाळेबाहेर असावी. दोन ठिकाणी उतरल्याची खात्री झाल्यावरच, आणि शक्यतो कॅमेऱ्यातच, कार्ड फॉरमॅट करावे. बॅटरी संपत आली असता चित्रे घेत राहू नये. संगणकातून कार्ड काढताना ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना द्यावी. पावसाळ्यात कार्ड कोरड्या डबीत ठेवावे.

आपण ज्यांची चित्रे घेतो त्यांतील पुष्कळ गोष्टी पुन्हा घडत नाहीत. निवृत्त होणाऱ्या बाईंचा निरोपसमारंभ दुसऱ्यांदा होत नाही. पहिलीत आलेले मूल पुन्हा पहिल्या दिवशी शाळेत येत नाही. म्हणून कार्डाची किंमत दुकानातील पावतीवर नसते.

त्या शाळेस मी पुढील वर्षी पुन्हा भेट दिली. शेरेबुकातील माझ्या जुन्या शेऱ्याखाली घडलेली खरी हकिकत लिहिली आणि सही केली. त्या वेळी गुरुजींनी कपाटातून एक चित्रकलेची वही काढून दाखविली. पाहणीच्या दिवशी एका मुलीने दारालगतच्या वीरगळाचे पेन्सिलने चित्र काढले होते. प्रमाण चुकलेले होते, घोड्याचे पाय पाच झाले होते. परंतु तिन्ही चौकटी, चंद्र-सूर्य आणि वीराच्या हातातील ढाल स्पष्ट दिसत होती. त्या दगडाचे आज शाळेपाशी तेवढेच एक चित्र आहे. दुसऱ्या दगडाचे तेही नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, कॅमेरा ‘वाचता येत नाही’ असे म्हणाला तर घाबरू नये आणि घाईही करू नये. कार्ड बाहेर काढावे, बाजूला ठेवावे आणि त्यात काय आहे हे प्रथम आठवावे.